क्रीडा व्यवस्थापन अभ्यासक्रम

क्रीडा व्यवस्थापन अभ्यासक्रम : क्रीडासंस्था, स्पर्धा, क्रीडागारे, व्यावसायिक संघ आणि खेळाडू यांच्याशी निगडित नियोजन, वित्त, विपणन, कायदा व मनुष्यबळ या अंगांचे पद्धतशीर शिक्षण देणारा महाविद्यालयीन वा विद्यापीठीय अभ्यासक्रम. खेळाडू घडवणे, खेळाचे तंत्र शिकवणे किंवा पंचगिरी करणे ही कामे त्याच्या कक्षेत येत नाहीत. ती शारीरिक शिक्षण व क्रीडाप्रशिक्षण या जुन्या शाखांकडेच राहिली आहेत. सामना ज्यामुळे ठरल्या दिवशी, ठरल्या जागी, सुरक्षितपणे आणि हिशेबात बसून पार पडतो, ती सर्व व्यवस्था हा या अभ्यासक्रमाचा विषय होय.

संज्ञा : आरंभीच्या काळात ‘क्रीडा प्रशासन’ ही संज्ञा अधिक रूढ होती आणि काही विद्यापीठांच्या पदव्यांत ती अद्याप टिकून आहे. ‘व्यवस्थापन’ हा शब्द साधारणपणे १९८० च्या दशकात पुढे आला व त्यामागे वाणिज्य शाखेच्या परिभाषेचा प्रभाव असावा. इंग्रजीत या विषयाच्या नावातील ‘स्पोर्ट’ हा शब्द एकवचनी असावा की अनेकवचनी, याविषयी बराच खल झालेला आहे. एकवचनाने खेळ ही एक सामाजिक संस्था सूचित होते, तर अनेकवचनाने निरनिराळ्या खेळांची केवळ बेरीज होते, असे एकवचनाचे समर्थक म्हणतात आणि अभ्यासकांच्या प्रमुख संघटनांनी त्यांचीच बाजू घेतली आहे. मराठीत ‘क्रीडा’ व ‘खेळ’ या दोन्ही शब्दांची दोन्ही वचनांतील रूपे सारखीच असल्याने हा वाद येथे उद्भवत नाही.

उगम : पहिला अभ्यासक्रम कोणता, याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. बहुतेक पाठ्यपुस्तकांत अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाने १९६६ मध्ये सुरू केलेल्या क्रीडा प्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला हा मान दिला जातो. त्याची पूर्वपीठिका अशी : ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल क्लबचे प्रमुख वॉल्टर ओमॅली यांनी १९५७ मध्ये जेम्स मेसन या शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांना एक पत्र लिहिले. क्रीडागार, शर्यतीचे मैदान, सभागृह यांसारख्या जागा चालवू शकेल असा रीतसर शिकलेला माणूस हवा असेल तर तो शोधायचा कोठे, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी त्यात उपस्थित केला होता. मेसन त्या वेळी मायामी विद्यापीठात होते. तेथे त्यांच्या योजनेला मूर्त रूप आले नाही. पुढे ते ओहायोला गेले आणि तेथे ती प्रत्यक्षात उतरली.

ओमॅली यांच्या प्रश्नाचा रोख क्लब चालवण्यापेक्षा जागा चालवण्याकडे अधिक होता, ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. डॉजर्स क्लब ब्रुकलिनहून लॉस एंजेलिसला हलवण्याचा निर्णय त्याच वर्षी जाहीर झाला आणि तेथील सुमारे ५६,००० आसनांचे नवे क्रीडागार १९६२ मध्ये खुले झाले. तेव्हा हा प्रश्न निव्वळ शैक्षणिक कुतूहलातून आलेला नसून, मोठी वास्तू पदरात पडणार असलेल्या मालकाच्या गरजेतून आलेला होता, असे मानण्यास जागा आहे. या पत्राची माहिती मात्र प्रायः मेसन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या नंतरच्या लेखनावरूनच मिळते, हेही लक्षात ठेवावे लागते.

याउलट फ्लोरिडा राज्यातील ‘फ्लोरिडा सदर्न’ या नावाने नोंदवलेल्या संस्थेत १९४९ ते १९५९ या काळात ‘बेसबॉल व्यवसाय प्रशासन’ हा अभ्यासक्रम राज्याच्या शिक्षण खात्याच्या मान्यतेने चालत होता, असे सांगितले जाते. ही नोंद ग्राह्य धरल्यास ओहायोचा मान सतरा वर्षांनी मागे पडतो. परंतु हा अभ्यासक्रम एकाच खेळाच्या कारभारापुरता मर्यादित होता. तो बंद पडल्यावर त्याची परंपरा कोणी पुढे चालवल्याचे दिसत नाही आणि ओहायोच्या अभ्यासक्रमाची आखणी त्यावर बेतलेली होती असेही आढळत नाही. म्हणून त्याला पूर्वसूरी मानून अखंड अध्यापनाचा आरंभ १९६६ पासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

अर्ल झायग्लर यांच्यासारख्या अभ्यासकांची भूमिका याहून वेगळी आहे. शारीरिक शिक्षण व क्रीडा यांच्या प्रशासनाचे अध्यापन आणि त्यावरील संशोधन विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासूनच चालू होते, त्यामुळे १९६६ मध्ये नवे काही जन्मले नसून जुन्याचे नामकरण झाले, असा या मताचा आशय आहे. त्यात तथ्य आहेच. मात्र त्या जुन्या अध्यापनाचा हेतू शाळा-महाविद्यालयांतील क्रीडाविभाग चालवणे हा होता. तिकिटे विकून चालणारा खेळ, त्याचा मालक व त्याचा प्रेक्षक हे त्याच्या दृष्टिक्षेपात फारसे नव्हते. काही पाठ्यपुस्तके ही परंपरा थेट प्राचीन ग्रीसमधील स्पर्धांचे आयोजन करणाऱ्या व त्यांचा खर्च उचलणाऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत नेतात. तो व्यवस्थापनाचा इतिहास झाला, अभ्यासक्रमाचा नव्हे.

विस्तार : मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने १९७१ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. पदवी पातळीवर न्यूयॉर्कमधील सेंट जॉन्स विद्यापीठ आणि फ्लोरिडातील बिस्केन कॉलेज यांची नावे अग्रक्रमाने घेतली जातात; दोहोंचा काळ १९७० च्या दशकाचा पूर्वार्ध असावा. १९८५ मध्ये नॉर्थ अमेरिकन सोसायटी फॉर स्पोर्ट मॅनेजमेंट ही अभ्यासकांची संघटना स्थापन झाली आणि १९८७ पासून तिचे ‘जर्नल ऑफ स्पोर्ट मॅनेजमेंट’ निघू लागले. अभ्यासक्रमात किमान काय असावे, याची मानके १९९३ मध्ये ठरली. त्याच वर्षी युरोपीय संघटना आणि १९९५ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची संघटना अस्तित्वात आली. मान्यता देणारी स्वतंत्र परिषद अमेरिकेत २००८ मध्ये उभी राहिली. फुटबॉलची जागतिक संघटना फिफा हिच्या नावाने ओळखला जाणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम २००० पासून लेस्टर, मिलान व न्यूशातेल येथील तीन विद्यापीठांत मिळून शिकवला जातो. इतिहास, व्यवस्थापन आणि कायदा अशी त्याची विभागणी आहे.

या शाखेला सैद्धांतिक बैठक देणाऱ्यांत पाकियनाथन चेल्लादुराई यांचे स्थान वरचे आहे. मद्रास विद्यापीठात शिकून पुढे कॅनडात व्यवस्थापनशास्त्राचे अध्ययन केलेल्या चेल्लादुराईंनी १९९२ मध्ये क्रीडासेवांचे वर्गीकरण मांडले. स्वतः खेळणाऱ्याला दिली जाणारी सेवा आणि खेळ पाहणाऱ्याला दिली जाणारी सेवा यांत त्यांनी भेद केला. वरकरणी साधा वाटणारा हा भेद अभ्यासक्रमाच्या दृष्टीने मोलाचा आहे. कारण जलतरण तलावाचा व्यवस्थापक आणि व्यावसायिक संघाचा तिकीटविक्री प्रमुख एकाच वर्गात बसत असले, तरी पहिल्याचा ग्राहक घाम गाळायला येतो व दुसऱ्याचा ग्राहक बसायला, हे त्यामुळे स्पष्ट होते.

अभ्यासविषय : विपणन, लेखाकर्म, संघटनशास्त्र व जनसंपर्क हे विषय सर्वसाधारण व्यवस्थापनातून आलेले असून त्यांचे विवेचन त्या त्या नोंदींत पाहावे. या अभ्यासक्रमाचे वेगळेपण अर्थशास्त्र, कायदा आणि क्रीडागार-व्यवस्थापन या तीन विषयांत दिसते.

क्रीडा-अर्थशास्त्राचा प्रारंभ सायमन रॉटेनबर्ग यांच्या बेसबॉल खेळाडूंच्या श्रमबाजारावरील १९५६ च्या लेखापासून धरला जातो. निकाल जितका अनिश्चित, तितका प्रेक्षकाचा ओढा अधिक, हे गृहीतक त्यातून पुढे आले. वॉल्टर नील यांनी १९६४ मध्ये त्याला धार दिली. साबणाच्या कारखानदाराला प्रतिस्पर्धी बुडाला तर आनंदच होतो. पण जो लुईस या मुष्टियोद्ध्याला मॅक्स श्मेलिंगसारखा तोडीस तोड प्रतिस्पर्धी उरला नाही, तर त्याची स्वतःचीच कमाई आटते. लीगमधील संघांनी उत्पन्न वाटून घेणे, वेतनावर कमाल मर्यादा घालणे, दुबळ्या संघाला नवोदित खेळाडू आधी निवडू देणे या प्रथांचे समर्थन याच विरोधाभासावर उभे असते. समर्थन कितपत खरे आणि मालकांच्या सोयीचे किती, हा मात्र वर्गातील चर्चेचा हुकमी विषय आहे.

कायद्याच्या भागात करार, हयगय व स्पर्धाविषयक कायदा शिकवला जातो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून वगळले. युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी बोस्मन खटल्यात करार संपलेल्या फुटबॉलपटूसाठी युरोपीय संघातील देशांदरम्यान हस्तांतर-शुल्क मागण्यास मनाई केली. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले असता खेळ हा व्यापार आहे की नाही, या प्रश्नाला दिलेली दोन टोकांची उत्तरे समोर येतात. वित्ताच्या भागात १९७६ चे माँट्रियल व १९८४ चे लॉस एंजेलिस ऑलिंपिक यांची अशीच जोडी लावली जाते. पहिल्याचे कर्ज फिटायला २००६ उजाडले; दुसऱ्याने बहुतांशी जुनीच क्रीडागारे वापरून २० कोटी डॉलरहून अधिक शिल्लक दाखवली.

क्रीडागाराची क्षमता काढणे हा या अभ्यासक्रमातील बहुधा सर्वांत काटेकोर भाग आहे. ग्लासगोच्या आयब्रॉक्स क्रीडागारात २ जानेवारी १९७१ रोजी जिन्यावरील चेंगराचेंगरीत ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर ब्रिटनमध्ये १९७३ साली मार्गदर्शिका निघाली. ‘ग्रीन गाइड’ या नावाने ती ओळखली जाते आणि अनेक देशांत ती प्रमाण मानली जाते. तिच्यानुसार क्षमता म्हणजे खुर्च्यांची संख्या नव्हे. किती जण बसू वा उभे राहू शकतात, किती जण तासाभरात आत येऊ शकतात, किती जण आठ मिनिटांत बाहेर पडू शकतात आणि आपत्तीत किती जण निसटू शकतात, असे चार आकडे काढून त्यांतील सर्वांत लहान तो खरा मानायचा असतो. टर्नस्टाइलमधून, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या फिरत्या फाटकातून, तासाला जास्तीत जास्त ६६० माणसे धरली जातात. २००८ च्या आवृत्तीत एक मीटर रुंदीतून मिनिटाला सपाट वाटेवर ८२ आणि जिन्यावर ६६ माणसे असा बाहेर पडण्याचा वेग दिला आहे. आधीच्या आवृत्तीत हे आकडे १०९ व ७३ होते.

उदाहरणार्थ, एका स्टँडमध्ये ५,००० खुर्च्या आहेत, पण दृश्यमानता व देखभालीतील उणिवांमुळे त्यांतील ०.९ इतकाच भाग ग्राह्य ठरतो. आकडा झाला ४,५००. आठ टर्नस्टाइल असल्यास प्रवेशाचा आकडा ५,२८० येतो. प्रत्येकी १.२ मीटर रुंदीचे सहा जिने असतील, तर एकूण रुंदी ७.२ मीटर आणि आठ मिनिटांत बाहेर पडणारे ३,८०१. आपत्कालीन आकडा याहून मोठा आहे असे धरले, तर तिकिटे ३,८०१ च छापावी लागतात. आणखी दोन जिने बांधले की बाहेर पडणारे ५,०६८ होतात व क्षमता ४,५०० वर जाते. तिसरा वाढीव जिना बांधून मात्र एकाही तिकिटाची भर पडत नाही, पैसा खर्च करायचा तो आता खुर्च्यांच्या दुरुस्तीवर. शेफील्डच्या हिल्सबरो क्रीडागारात १५ एप्रिल १९८९ रोजी उभ्याच्या जागेची सुमारे १०,१०० तिकिटे विकली गेली होती आणि त्या प्रेक्षकांसाठी सात टर्नस्टाइल होते. वरील दराने सात फाटकांतून तासाला ४,६२० माणसे आत येतात, म्हणजे सर्वांना दोन तासांहून अधिक वेळ लागला असता. बाहेर कोंडलेली गर्दी सोडवण्यासाठी पोलिसांनी मोठे दार उघडले, लोंढा आधीच भरलेल्या मधल्या कठड्यांत शिरला आणि ९७ जणांचा बळी गेला. या दुर्घटनेनंतरच्या टेलर अहवालाने मोठ्या क्रीडागारांत सर्व प्रेक्षकांना आसने देण्याची शिफारस केली.

स्पर्धा-आयोजनात कार्यक्रमपत्रिका आखणे हे पहिले कौशल्य होय. बाद पद्धतीत संघांच्या संख्येपेक्षा एक कमी इतके सामने होतात. १९ संघांसाठी १८. पुढील फेरीत १६ संघ यावेत म्हणून पहिल्या फेरीत सहा संघांचे तीन सामने लावून उरलेल्या १३ संघांना पुढे चाल द्यावी लागते. साखळी पद्धतीत सहा संघांचेही १५ सामने होतात. त्यांची फेरीनिहाय आखणी करताना एक संघ जागी ठेवून इतरांची नावे वर्तुळाकार फिरवली जातात.

अध्यापनपद्धती : बहुतेक ठिकाणी शेवटचे सत्र एखाद्या क्लबमध्ये, क्रीडागारात वा संघटनेत प्रत्यक्ष कामाचे असते. ही प्रथा ओहायोपासूनची आहे. विनावेतन उमेदवारीच्या रूपाने संस्थांना फुकटचे मनुष्यबळ मिळते आणि विद्यार्थ्याला मात्र अनेकदा तिकीटखिडकीपलीकडचे काम दिसत नाही, अशी टीका तिच्यावर होत असते. हा विभाग शारीरिक शिक्षणाच्या छत्राखाली असावा की वाणिज्याच्या, हा वादही मिटलेला नाही. पहिल्या व्यवस्थेत खेळाची जाण पक्की होते व हिशेब कच्चा राहतो. दुसरीत नेमके उलट घडते, असा अनुभव सांगितला जातो. अलीकडे वाणिज्य शाखेकडे कल वाढला असून, सामन्यांच्या व प्रेक्षकांच्या आकडेवारीचे विश्लेषण हा स्वतंत्र विषय म्हणून अभ्यासक्रमात येऊ लागला आहे.