कोटेशनमधलं ‘ऑर्थो टेबल’: जनरल टेबलाला अटॅचमेंट की मुळातलं फ्रॅक्चर टेबल?

परभणी, बीड किंवा नांदेडकडच्या पंचवीस-तीस खाटांच्या हॉस्पिटलने ओटीसाठी, म्हणजे ऑपरेशन थिएटरसाठी, कोटेशन मागवलं की बहुतेक वेळा दोन कागद समोर येतात. दोन्हींवर ‘ऑर्थो टेबल’ लिहिलेलं असतं. एक असतं जनरल सर्जरीचं टेबल, सोबत पाय ताणायच्या दांड्या आणि बूट सुटे. दुसरं फ्रॅक्चर टेबल, म्हणजे कमरेखाली जवळजवळ काहीच नसलेलं आणि पाय ताणूनच ठेवायला बांधलेलं. फोटोत दोन्ही चकचकीत स्टीलची दिसतात. फरक कळायला टेबल खालून बघावं लागतं.

जनरल टेबल म्हणजे चार-पाच भागांत दुमडणारी पाटी: डोकं, पाठ, बैठक आणि पाय, बरेचदा पायाचे दोन वेगळे भाग. ते डोक्याकडून किंवा पायाकडून साधारण 25 अंश खाली जातं, डावी-उजवीकडे 15 ते 20 अंश कलतं. पित्ताशयाच्या लॅपला (म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनला) डोकं वर आणि पेशंट डावीकडे कललेला, अपेंडिक्सला डोकं खाली आणि तसाच डावा कल, सिझरला बाळ बाहेर येईपर्यंत डावीकडे 15 अंशांच्या आसपास. एवढं नीट जमलं तर पोटाचं जवळजवळ सगळं काम निघतं.

लॅपमध्ये उंची बघायची राहून जाते. लॅपची हत्यारं 33-36 सेंमी लांब असतात आणि गॅसने पोटही वर येतं. सर्जनचं कोपर जमिनीपासून 100 सेंमीवर असेल तर टेबलाची पाटी 70 ते 80 सेंमीवर लागते. गादीची जाडी यातच धरायची. 80 च्या खाली न उतरणारं टेबल उघड्या पोटाला चालेल, पण लॅपला सर्जन स्टुलावर चढेल आणि एका पायाने कॉटरीचं (विजेने रक्त थांबवायच्या यंत्राचं) पेडल शोधत बसेल. कागदावर सगळे जास्तीत जास्त उंची ठळक लिहितात. तुम्ही कमीत कमी विचारा.

आता खुबा. बाथरूममध्ये पाय घसरून पडलेली आजी आपल्याकडच्या प्रत्येक ऑर्थो ओपीडीत असते. खुब्याजवळचं हाड डीएचएस (स्क्रू आणि पट्टी) किंवा पीएफएन (हाडाच्या आतला रॉड) घालून जोडायचं तर आधी पाय ओढून, फिरवून हाड जागेवर आणावं लागतं आणि ऑपरेशन संपेपर्यंत तसंच धरून ठेवावं लागतं. शिवाय सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर, दोन दिशांनी चित्र हवं: एक समोरून, एक बाजूने. बाजूच्या चित्रासाठी सी-आर्म दोन पायांच्या मधून तिरका आत येतो. फ्रॅक्चर टेबलावर त्याला वाट मोकळी असते, कारण पेशंट पाठ आणि कमरेच्या छोट्या बैठकीवर असतो, जांघेत उभा खांब असतो आणि दोन्ही पाय हवेत, दांड्यांना बांधलेल्या बुटांत.

जनरल टेबलाला हीच दांडी जोडली की काय होतं? पुष्कळ टेबलांचा मुख्य खांब मधोमध असतो आणि कंबर बरोबर त्याच्या आसपास येते. सी-आर्मची ट्यूब खालून आत जायला बघते आणि बेसला धडकते. मग पेशंट पायाकडे सरकवायचा, ड्रेपिंगनंतर (निर्जंतुक कापडं अंथरल्यावर) पुन्हा सरकवायचा, आणि शेवटी समोरच्या चित्रावरच समाधान मानायचं. बाजूने न बघता घातलेला स्क्रू हाडाच्या डोक्यातून बाहेर आलेला दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत दिसतो. म्हणून जनरल टेबलाला अटॅचमेंट घेणार असाल तर खांब एका टोकाकडे सरकलेला हवा, किंवा पाटी लांबीत 25-30 सेंमी सरकणारी हवी. या दोन्हींपैकी एकही नसेल तर अटॅचमेंटचा खोका कपाटावरच राहतो.

अटॅचमेंटचं दुसरं दुखणं म्हणजे तिचा जोड. ताण दिला की क्लॅम्प किंचित फिरतो, बूट सैल होतो, आणि पंधरा मिनिटांपूर्वी जुळलेलं हाड पुन्हा हललेलं दिसतं. फ्रॅक्चर टेबलात दांडी बेसमधूनच निघते, त्यामुळे हे कमी होतं. मात्र फ्रॅक्चर टेबलाचे स्वतःचे धोके आहेत. जांघेतला खांब बारीक आणि उघडा असेल तर तिथली नस दबून पेशंटला नंतर बधिरपणा येतो. खांबाची जाडी पॅडिंगसकट किमान 10 सेंमी हवी आणि हाड पक्कं झालं की ताण लगेच सोडायचा. चांगला पाय वर टांगून तासन् तास ठेवला तर पोटरीत रक्त कमी पडून स्नायू सुजतात. त्यापेक्षा तो बाजूला फाकवून सरळ ठेवलेला बरा.

फ्रॅक्चर टेबलामुळे हाताखाली एक माणूस कमीही लागतो. तरुणाच्या मांडीच्या हाडात रॉड घालायचा तर साध्या, एक्स-रे पार जाणाऱ्या टेबलावरही जमतं, पण पाय ओढून धरायला दमदार असिस्टंट लागतो. तालुक्याच्या गावात रात्री अकराला ट्रॅक्टरखाली आलेला ऊसतोड मजूर समोर असतो, तेव्हा असा माणूस मिळेलच याचा भरवसा नाही.

उलट, गुडघा, नडगी, मनगट, घोटा यांना ताणाचं टेबल लागत नाही. मणक्याला तर फ्रॅक्चर टेबल गैरसोयीचंच. तिथे पेशंट पालथा आणि पोट मोकळं लोंबतं हवं. पोट दाबलं गेलं की मोठ्या शिरेवर दाब येतो, मणक्याच्या आतल्या शिरा फुगतात आणि जखमेत रक्त थांबत नाही. छाती आणि कमरेखाली आडव्या उशा घालून हे काम सरकत्या पाटीच्या जनरल टेबलावर नीट होतं. महिन्याला खुब्याची एखाद-दुसरीच केस असेल आणि बाकी पोट, सिझर, मुतखडा असं काम असेल, तर आमचं मत सरळ आहे: सरकती पाटी किंवा एका टोकाकडे खांब असलेलं जनरल टेबल आणि त्याच कंपनीची अटॅचमेंट. आठवड्याला दोन-तीन खुबे होत असतील तर वेगळं फ्रॅक्चर टेबल घ्या. डोळ्याला आणि कान-नाक-घशाला डोक्याचा अरुंद, मागेपुढे होणारा भाग पुरतो.

मुतखड्याचा उल्लेख आला म्हणून. हाडाचं काम न करणाऱ्या हॉस्पिटललाही सी-आर्मचा हाच प्रश्न पडतो. दुर्बिणीने मूत्रनळीतला खडा काढताना पेशंट पाय वर घेऊन बैठकीच्या अगदी काठावर असतो, म्हणजे कंबर पुन्हा खांबावर. पाठीतून खडा काढताना पेशंट पालथा, आणि किडनीच्या बरोबर खाली टेबलाचा किडनी ब्रिज, म्हणजे कंबर वर उचलायची आडवी पट्टी! तो लोखंडी असेल तर पडद्यावर खड्याऐवजी ब्रिजचीच सावली दिसते. पाटी फिनॉलिक लॅमिनेटची आहे, एक्स-रे पार जातो, असं सांगितलं तरी टॉर्च घेऊन खाली वाका आणि आडव्या लोखंडी पट्ट्या कुठे कुठे आहेत ते मोजा.

पाय वर घेतलेल्या पोझिशनमध्ये एक अपघात ठरलेला आहे. हात अंगालगत सरळ असले की पेशंटची बोटं बैठक आणि पायाच्या पाटीच्या फटीवर येतात. ऑपरेशन संपलं, वॉर्डबॉयने पायाची पाटी वर घेतली की बोट त्या फटीत चिरडतं. भुलीत पेशंट ओरडत नाही. हात आडव्या आर्मबोर्डवर ठेवा, आणि पाटी उचलण्याआधी सिस्टरने दोन्ही हात डोळ्यांनी बघायचे, हा नियम भिंतीवर लावा. पाय खाली घेताना दोन्ही एकदम आणि सावकाश घ्यायचे.

‘हायड्रॉलिक की इलेक्ट्रिक’ हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. खरं तर तो शेवटी विचारायचा. सर्जरी कोणती यावर पाटी आणि खांब ठरतात. ते कशाने हलणार हे वीज आणि मेकॅनिक यांवर ठरतं. पायाने पंप करायचं हायड्रॉलिक वीज गेली तरी चालतं, पण सील झिजलं की टेबल हळूहळू खाली बसतं आणि फरशीवर तेलाचा डाग दिसतो. इलेक्ट्रिकला बॅटरी असते, पण ती लेड-ॲसिडची असेल आणि टेबल महिनाभर चार्जिंगविना पडलं तर बॅटरी मरते. हे नेमकं लोडशेडिंगमध्ये, डोकं खाली अडकलेलं असताना कळतं. इलेक्ट्रिक घेतलंच तर उंची आणि डोकं खाली या दोन हालचाली हाताने करायची सोय आहे का ते बघा. पुण्याहून मेकॅनिक नांदेडला पोचायला किमान एक रात्र जाते, हेही हिशेबात धरा.

टेबलाच्या कडेची पट्टी, जिच्यावर अटॅचमेंटचे क्लॅम्प बसतात, ती मात्र व्हर्नियरने मोजायलाच हवी. युरोपियन मापात ती 25 बाय 10 मिमी असते, अमेरिकन मापात सुमारे 28.6 बाय 9.5. एका मापाचा क्लॅम्प दुसऱ्या पट्टीवर बसत नाही, किंवा बसतो आणि फिरतो, आणि फिरणारा क्लॅम्प पेशंटचा पाय सोडतो. जुन्या टेबलाचे लिथोटॉमी स्टँड (पाय वर ठेवायचे आधार) नव्यावर वापरायचे असतील तर ते डिलिव्हरीआधीच लावून बघा.

पैसे देण्याआधी दोन तपासण्या करा. टेबल पूर्ण उंचीवर घेऊन पाटीवर ज्वारीचे पन्नास किलोचे दोन कट्टे ठेवा, जमिनीपासूनचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. सेंटिमीटरनेही खाली आलं असेल तर सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. दुसरी: एका माणसाला टेबलावर खुब्याच्या केससारखं झोपवा, एक्स-रे न सोडता रिकामा सी-आर्म दोन्ही दिशांनी आत घ्या आणि कुठे धडकतो ते खडूने खूण करा. ती खूण कंबरेच्या रेषेत आली तर टेबल वर चढवूच देऊ नका, कारण पहिल्या मजल्यावरच्या ओटीत दोन-अडीचशे किलो चढवल्यावर ते परत खाली न्यायला कुणी तयार होत नाही.