‘जर्मनीहून आलेली’ ई-क्लास : एक खुलासा

आपल्याकडे रस्त्यावर दिसणारी मर्सिडीजची ई-क्लास जर्मनीहून तयार होऊन येते आणि इथे जोडलेली गाडी म्हणजे तिची दुय्यम आवृत्ती, हा समज गेली अनेक वर्षे टिकून आहे. तो चुकीचा आहे. ही गाडी १९९५ पासून पुणे परिसरातच जोडली जाते, आधी पिंपरीत आणि २००९ पासून चाकणला. सुटे भाग आणून इथे जोडणी केल्यास आयात शुल्क पूर्ण तयार गाडीपेक्षा बरेच कमी पडते. त्यामागचे कारण एवढेच, दर्जाशी त्याचा संबंध नाही.

उलट २०१७ मध्ये भारतासाठी खास उजव्या स्टिअरिंगची लांब ई-क्लास आली, जिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ३०७९ मिलिमीटर, म्हणजे नेहमीच्या गाडीपेक्षा १४० मिलिमीटर जास्त होते. या वर्गातील अनेक मालक गाडी चालकाच्या हाती देऊन स्वतः मागे बसतात, त्यामुळे ही वाढ मला इंजिनाच्या ताकदीहून महत्त्वाची वाटते. म्हणून पारख करताना मूळ देश विचारण्याऐवजी मागच्या आसनावर अर्धा तास बसून खराब रस्त्यावरून फिरून यावे.