कास पठार : फुलांच्या हंगामातील गर्दीचे नियमन

सातारा शहराच्या पश्चिमेला सुमारे २५ किमी. अंतरावर, समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मी. उंचीवर कासचा जांभ्या खडकाचा सडा, म्हणजे सपाट खडकाळ माथा, पसरला आहे. त्याचे क्षेत्र जेमतेम १० चौ. किमी., पण येथे सपुष्प वनस्पतींच्या ८५० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत महाराष्ट्रातील चार स्थळे असून कास त्यांपैकी एक आहे. वर्षातला बराच काळ पठारावर तुरळक वर्दळ असते आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच्या काही आठवड्यांत, त्यातही शनिवार-रविवारी, झुंबड उडते. ही विषम गर्दी आवरण्यासाठी वन विभाग आणि आसपासच्या गावांनी उभी केलेली व्यवस्था हा या नोंदीचा विषय आहे.

गर्दीचे कारण फुलांचा हंगाम छोटा असणे, एवढेच सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. कासवर सगळी फुले एकाच दिवशी उमलत नाहीत. गेंदाचे पांढरे गोंडे, तेरड्याची गुलाबी पसरण, सीतेच्या आसवांची निळाई, सोनकीचा पिवळा रंग हे पाऊस कसा पडतो आणि ऊन कधी पडते त्यानुसार पुढेमागे होत राहतात. काही रंग एकमेकांत मिसळतात, तर काही आधीच ओसरतात. दर आठवड्याचे पठार वेगळे असते आणि मंगळवारचे पठार रविवारच्या पठारापेक्षा तसूभरही कमी सुंदर नसते. पण पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांना सुट्टी रविवारची. त्यात ‘कास बहरले’ अशी बातमी नि छायाचित्रे झळकली की सगळे त्याच रविवारी निघतात. गणेशोत्सवाच्या आणि २ ऑक्टोबरला जोडून येणाऱ्या सुट्ट्या याच दिवसांत पडतात. म्हणजे निसर्गाने कित्येक आठवडे वाटून दिलेला बहर माणसे मोजक्या दिवसांत पाहायला जातात. सात वर्षांनी एकदा फुलणाऱ्या टोपली कारवीच्या वर्षी तर ओढ आणखी वाढते.

गर्दीचे नुकसान येथे इतर ठिकाणांपेक्षा लवकर दिसते, याचे कारण जमिनीत आहे. सड्यावर मातीचा थर फार पातळ असतो, काही ठिकाणी बोटभरही नाही. पावसाळ्यात खळग्यांत आणि उथळ डबक्यांत पाणी धरून राहते आणि त्याच ओलीवर इथली बहुतेक झाडे जगतात. सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती. तिचे निळे-जांभळे फूल नखाएवढे, देठ दोऱ्यासारखा आणि सूक्ष्म जीव पकडणाऱ्या पिशव्या ओल्या मातीतच लपलेल्या. त्यावर बूट पडला की फूल मोडते हे दिसते, माती दबून पाणी धरण्याची जागा बिघडते हे मात्र दिसत नाही. हानी वाढते कशी, तेही जवळून पाहण्यासारखे आहे. छायाचित्रासाठी एक जण दोरीपलीकडे फुलांत जाऊन बसतो, तिथे सतरंजीएवढी जागा चपटी होते. पुढच्याला वाटते, इथे तर फुले नाहीतच, बसायला हरकत नाही. संध्याकाळपर्यंत तिथून पायवाट पडते.

सध्याच्या व्यवस्थेचा मुख्य आधार म्हणजे दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा. नोंदणी ऑनलाइन करावी लागते, दिवसाची सत्रे पाडलेली असतात आणि माणशी प्रवेशशुल्क घेतले जाते. गाड्या पठाराच्या अलीकडेच वाहनतळावर थांबवून पर्यटकांना बसने वर नेण्याची सोय हंगामात केली जाते. पठारावर ठरलेल्या वाटांनीच फिरायचे असते. कुमुदिनी तळ्याकडे जाणाऱ्या जुन्या राजमार्गावर चालतच जावे लागते. कास, एकीव, आटाळी, कासाणी आदी गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या ही कामे पाहतात. तिकीट तपासणारी, शिट्टी वाजवून लोकांना वाटेवर आणणारी, कचरा उचलणारी आणि फुलांची नावे सांगणारी माणसे याच गावांतली असतात. या व्यवस्थेचे खरे बळ येथे आहे. पठार जपले तर पुढच्या वर्षी रोजगार आहे, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

३,००० हा आकडा मात्र एकट्याने फारसे काही सांगत नाही. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत तो सारखा पसरला, तर तासाला पावणेतीनशे माणसे येतात. तेवढीच माणसे दहा ते दोन या चार तासांत आली, तर तासाला साडेसातशे होतात. मर्यादा दोन्ही दिवशी पाळलेली असते, पण पठारावर पडणारा भार सारखा नसतो. म्हणूनच दिवसाच्या मर्यादेपेक्षा सत्रांची काटेकोर अंमलबजावणी अधिक मोलाची ठरते. तीच सर्वांत अवघडही आहे, कारण पहाटे पुण्याहून निघून सातारा-कास रस्त्यावरच्या यवतेश्वर घाटाच्या कोंडीत अडकलेल्या कुटुंबाला सत्र संपले म्हणून परत पाठवणे कोणालाच जमत नाही. घाट तुंबतो तो वाहनांनी. गाडीत सरासरी पाच माणसे धरली, तरी ३,००० पर्यटकांच्या ६०० गाड्या होतात आणि त्या एकामागे एक उभ्या केल्या तर रांग तीन किमी.ची होईल. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. कासच्या गाड्या पठाराच्या तोंडाशी न थांबवता साताऱ्यातच थांबवून तिथून एसटीने लोक आणले, तर घाटावरचा ताण नक्की हलका होईल.

तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून ७ मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला ई-पास सुरू झाला. २०२५ च्या उन्हाळी हंगामात उटीच्या निलगिरी जिल्ह्यात इतर दिवशी ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० वाहनांची मर्यादा होती. तिथे माणसांऐवजी वाहने मोजली जातात, हे घाटरस्त्याच्या ठिकाणी अधिक नेमके वाटते. व्हेनिसने २०२४ मध्ये ठरावीक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्यांवर ५ युरोंचे शुल्क लावले आणि पुढच्या वर्षी ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यांसाठी ते १० युरो केले. कासला शुल्कातून गावांना पैसा मिळतो, ही जमेची बाजू. गर्दी हलवायची असेल, तर मात्र आठवड्यातल्या दिवसांचे दर उतरवून रविवारचे चढवावे लागतील.

या पठाराच्या नियमनातला सर्वांत शिकवण्यासारखा अध्याय कुंपणाचा आहे. गर्दीपासून फुले वाचवण्यासाठी पठाराला तारेची जाळी लावली गेली. तिच्यामुळे माणसे थांबली, पण गावातली गुरेही थांबली. चराई बंद झाल्यावर गवत माजते आणि बुटक्या, उन्हावर जगणाऱ्या फुलझाडांवर सावली धरते, शेणाचे खतही मिळेनासे होते. फुले कमी झाल्याची तक्रार गावकऱ्यांनी आणि निसर्गअभ्यासकांनी लावून धरली आणि अखेर ही जाळी काढण्यात आली. पर्यटकाच्या पायाला आणि गाईच्या खुराला एकच नियम लावणे चुकीचे होते. गुरे या सड्यावर पिढ्यान्‌पिढ्या चरत आली आहेत आणि आजचा बहर त्या चराईसह घडलेला आहे.

हंगाम संपला की गावांचे उत्पन्न आटते. त्यामुळे वर्षभराची कमाई काही रविवारांत करण्याचा दबाव येतो. कास रस्त्यालगतच्या हॉटेल-रिसॉर्टच्या बांधकामांवरून झालेले वाद याच दबावातून आले आहेत. यावरचा उपाय पुढच्याच रस्त्यावर आहे. कासवरून उतरणारा रस्ता बामणोलीला शिवसागर या कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठी जातो. तिथून लाँचने वासोट्याच्या पायथ्याशी पोहोचता येते. कोयना अभयारण्यातला हा किल्ला पावसाळ्यानंतर खुला होतो, वन विभागाची परवानगी लागते आणि सोबत नेलेल्या प्लास्टिकची मोजणी होते. कासचे दिवस संपतात तेव्हा वासोट्याचे सुरू होतात, आणि त्याच खोऱ्यातल्या माणसांना हिवाळ्यात काम मिळते.

गर्दी दुसरीकडे वळवण्याचा दुसरा मार्ग धोक्याचा आहे. कासची नोंदणी भरली की लोक चाळकेवाडीसारख्या सड्यांकडे वळतात. जांभा तोच, माती तितकीच पातळ आणि बरीचशी फुलेही तीच. पण तिथे कासइतके पहारेकरी नाहीत, दोऱ्या नाहीत, ठरलेल्या वाटाही नाहीत. गाडी थेट फुलांत नेऊन उभी करता येते. कासच्या मर्यादेचा हिशेब या सड्यांसह मांडला जायला हवा, आणि तिथल्या गावांनाही कासच्या समित्यांसारखे अधिकार व शुल्काचा वाटा मिळायला हवा.