लॉगिन शेवटी नको, आधी: नवीन वेबसाइटचं काम देणाऱ्या ग्राहकांसाठी

आमच्याकडे काम द्यायला येणारे बहुतेक ग्राहक तयारीनिशी येतात. पहिल्या पानावर काय असावं, फोटो कुठले, गुजराती मजकूर कोण तपासणार, मराठी कोण बघणार, सगळं ठरलेलं असतं. आणि निघता निघता एक वाक्य हमखास येतं: "बाकी सगळं होऊ द्या, लॉगिन शेवटी लावून टाका." या एका वाक्यापायी झालेलं काम पुन्हा उसवावं लागतं, तारीख पुढे जाते आणि बिल वाढतं. ते टळावं म्हणून हे माहितीपत्रक.

वेबसाइट, डोमेन, होस्टिंग हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत असं धरून थोडं आतलं सांगतो. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की प्रोग्राम तो एका यादीशी ताडून बघतो: हा पत्ता आला तर हे पान, तो आला तर ते. याला रूटिंग म्हणतात. आम्ही जँगो वापरतो, म्हणजे वेबसाइट बांधायची एक तयार चौकट. त्यात ही यादी वरून खाली वाचली जाते आणि जी ओळ पहिली जुळेल तीच धरली जाते. समजा, साइटवरून कार्यक्रमाचे पास द्यायचे आहेत. पासच्या क्रमांकात अक्षरं चालत असतील आणि 'पास/नवीन' ही ओळ 'पास/अमुक क्रमांक' या ओळीच्या खाली राहिली, तर 'नवीन' हाच पासचा क्रमांक समजला जातो आणि नवीन पास काढायचं पान कधीच उघडत नाही. "मध्ये एक पान घालून द्या, पाच मिनिटांचं काम आहे" असं कोणी म्हणालं की आम्ही आधी ही यादी उघडून बघतो, ते यासाठी.

लॉगिन ही वेगळी गोष्ट. त्यातून प्रोग्रामला एवढंच कळतं की समोर कोण आहे. त्या माणसाने कुठलं पान उघडावं आणि त्या पानावर कोणाची माहिती बघावी, हे लॉगिन लावल्याने आपोआप ठरत नाही. ते प्रत्येक पत्त्यापाशी सांगावं लागतं.

उदाहरण आपल्या गावातलंच घेऊ. नवरात्राआधी बडोद्यात गरब्याच्या पासची एकच धांदल असते. समजा, एका मंडळाने पास ऑनलाइन दिले. सभासदाने लॉगिन केलं, त्याचा पास उघडला. वर पत्ता दिसतो 'पास/१०४१'. कॉलेजात जाणारी कोणीही मुलगी सहज म्हणून शेवटचा आकडा बदलून १०४२ करून बघते. प्रोग्रामने फक्त 'लॉगिन केलंय का' एवढंच तपासलं असेल, तर समोर दुसऱ्याच घरातल्या मुलीचं नाव, फोटो आणि मोबाइल नंबर येतो. पासवर्ड कोणी चोरला नाही, काही फोडलं नाही. लॉगिन व्यवस्थित चालू असताना हे घडतं. म्हणून पास काढताना 'क्रमांक १०४२ दे' असं न विचारता 'या सभासदाच्या पासांपैकी १०४२ दे' असं विचारायचं असतं. नसेल तर आम्ही 'परवानगी नाही' असं न दाखवता 'असं पान नाही', म्हणजे ४०४, असं दाखवतो. 'परवानगी नाही' म्हटलं की त्या क्रमांकाचा पास आहे, एवढं तरी समोरच्याला कळतंच.

याच चुकीचा दुसरा अवतार म्हणजे बटण लपवणं. "हिशेबाचं पान फक्त खजिनदारांना दिसावं, बाकीच्यांच्या मेनूतून काढून टाका." मेनूतून आम्ही काढतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. दारावरची पाटी काढली म्हणून दार बंद होत नाही. पत्ता ब्राउझरच्या हिस्टरीत राहतो, व्हॉट्सॲपवर कोणीतरी पाठवलेला असतो, जुन्या खजिनदारांच्या फोनवर बुकमार्क असतो. तपासणी पत्त्यावरच हवी. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या मोठ्या धोक्यांच्या यादीत परवानगीच्या या गफलती २०१७ मध्ये पाचव्या होत्या. २०२१ च्या यादीत त्या पहिल्या क्रमांकावर आल्या. तेव्हा ही आमच्या मनातली शंका नाही, जगभरची अडचण आहे.

आता 'शेवटी लावू' यात नेमकं बिघडतं काय? सगळ्यात मोठी गोष्ट सभासदांच्या यादीची. मंडळाकडून, क्लासकडून किंवा पतपेढीकडून आम्हाला एक्सेलची फाइल मिळते. तीत आजोबा, मुलगा, सून आणि नातू अशा चौघांपुढे एकच मोबाइल नंबर असतो. एखाद्या ओळीत नंबरच नसतो, एखाद्यात जुना लॅंडलाइन. नुसती यादी दाखवायची तोवर याने काही अडत नाही. पण मोबाइल नंबरवर ओटीपी पाठवून लॉगिन द्यायचं म्हटलं की चौघांपैकी कोण आलं हे प्रोग्रामला कळायचा मार्गच उरत नाही. तिथून फोनाफोनी सुरू होते, आणि ती तुमच्याच माणसांना करावी लागते.

शिवाय माणूस कशाने ओळखायचा, ईमेलने, मोबाइलने की सभासद क्रमांकाने, हे जँगोत डेटाबेसची, म्हणजे माहितीच्या साठ्याची, पहिली टेबलं (तक्ते) बनण्याआधी ठरवायचं असतं. नंतर बदलता येतं, पण ते काम अवघड आहे. पावत्या, पास, हजेरी, जे जे त्या माणसाला जोडलेलं आहे ते सगळं हलवावं लागतं. जँगोच्या अधिकृत माहितीतही हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि 'सगळ्या पावत्या दाखव' असं लिहिलेलं प्रत्येक पान 'या माणसाच्या पावत्या दाखव' असं करायचं म्हणजे प्रत्येक पान उघडून, बदलून, पुन्हा तपासणं आलं. बिलात जो वाढीव आकडा दिसतो तो याचा असतो.

म्हणून आम्ही पहिल्या बैठकीत एक कागद समोर ठेवतो. डावीकडे पानांचे पत्ते. पुढे ते पान कोणी उघडायचं: सर्वांनी, सभासदांनी, कर्मचाऱ्यांनी की फक्त पदाधिकाऱ्यांनी. आणि त्यापुढे, स्वतःची माहिती बघायची की सगळ्यांची. हा कागद भरून सही झाल्याशिवाय आम्ही कामाला हात लावत नाही. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. "दुसरे तर दुसऱ्या दिवशी डिझाइन पाठवतात," असंही ऐकवतात. डिझाइन आम्हीही पाठवू शकतो. पण डिझाइन बदलायला एक दुपार पुरते, चुकीची बेतलेली परवानगी निस्तरायला आठवडे जातात. या बैठकीचे आम्ही पैसे घेत नाही. कागद भरल्यावर काम दुसऱ्या कोणाला दिलंत तरी कागद तुमचाच.

जे पान कागदावर 'सर्वांसाठी' असं लिहिलेलं नाही, ते आमच्याकडे लॉगिनशिवाय उघडत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या जँगो ५.१ मध्ये याची तयार सोय आहे आणि नव्या कामांत आम्ही तीच वापरतो. एखादं पान विसरलं गेलं तर ते बंद राहतं, उघडं पडत नाही. मात्र लॉगिनचं पान आणि पासवर्ड विसरल्याचं पान आठवणीने उघडं ठेवावं लागतं. नाही तर लॉगिनचं पानच लॉगिन मागतं आणि ब्राउझर गोल गोल फिरून थकतो.

फोनवर वारंवार येणाऱ्या काही गोष्टी इथेच सांगून टाकतो.

"सभासदाला लिंक पाठवली, तर लॉगिन मागतंय." बरोबर आहे, पान राखीव आहे. लॉगिन झालं की तो त्याच पानावर जातो, कारण त्याला कुठे जायचं होतं ते पत्त्यात सोबत नेलेलं असतं. हे पुढचं ठिकाण आपल्याच साइटवरचं आहे ना, हेही तपासावं लागतं. नाही तर आपल्या नावाची लिंक देऊन कोणी लोकांना भलत्याच साइटवर पोचवू शकतो.

"माझा पासवर्ड काय होता तेवढा सांगा." आम्हाला तो दिसत नाही. डेटाबेसमध्ये पासवर्ड जसाच्या तसा ठेवलेला नसतो, त्याचं उलट न फिरवता येणारं रूप असतं. नवीन ठेवायची लिंक मिळेल. जँगोत ती मुळात ३ दिवस चालते. आम्ही मुदत २४ तासांवर आणतो. पासवर्ड फोनवर वाचून दाखवणारा वेबसाइटवाला भेटला, तर त्याच्याकडचं काम ताबडतोब तपासून घ्या.

"ऑफिसात सगळ्यांना एकच लॉगिन पुरे." पुरत नाही. पावती कोणी रद्द केली हे विचारायला तुम्ही याल तेव्हा आम्ही काहीच सांगू शकणार नाही. वेगळ्या लॉगिनचे आम्ही माणशी पैसे लावत नाही, तेव्हा काटकसर इथे नको. एकदा केलेलं लॉगिन जँगोत मुळात २ आठवडे टिकतं. पैशांचं काम करणाऱ्यांसाठी आम्ही ते ब्राउझर बंद करताच संपेल असं ठेवतो.

"पत्ते मराठीत, गुजरातीत करा." करता येतात. पण 'वर्गणी' एवढा शब्द पत्त्यात घालून कॉपी केला की पुष्कळदा टक्क्याची चिन्हं, आकडे आणि रोमन अक्षरं मिळून ५४ खुणांची माळ होते. सभासदांना ती खोटी लिंक वाटते. पान मराठीत ठेवा, पत्ता छोट्या रोमन अक्षरांत, हा आमचा आग्रह. आणि पत्रिकेवर किंवा पावतीच्या क्यूआर कोडात छापलेला पत्ता परस्पर बदलायला सांगू नका. बदलायचाच असेल तर आधी कळवा. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्यावर नेणारी कायमची सोय, ३०१, आम्ही करून देतो. वार्षिक देखभालीत ती धरलेली आहे.

सभासदांची नावं, फोन, फोटो सांभाळण्याची कायदेशीर जबाबदारी तुमची असते. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आणि सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या मंडळाला कोणी एवढा दंड करेल असं आम्ही म्हणत नाही. पण लोकांनी आपल्या मुलींचे फोटो विश्वासाने दिलेले असतात, ही गोष्ट आम्हाला दंडापेक्षा मोठी वाटते.

पहिल्या बैठकीला सभासदांची यादी, मग ती कितीही विस्कळीत असो, आणि कोण काय बघणार हे ठरवू शकेल असा एक माणूस, एवढं घेऊन या. नवरात्रासाठी काम हवं असेल तर गुढीपाडव्यानंतर लवकर या. श्रावणात आलेलं काम आम्ही त्या वर्षासाठी घेत नाही. दुसरीकडून बनवलेली साइट असेल तरी चालेल. दोन वेगळ्या सभासदांची लॉगिनं द्या, आकडे बदलून काय काय उघडतं ते तुमच्यासमोरच दाखवू.