पटनीत मेलर यांना गोल्डस्मिथनी पाडलं नव्हतं

१९९७ च्या ब्रिटिश निवडणुकीबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते: लंडनच्या पटनी मतदारसंघात हुजूर पक्षाचे डेव्हिड मेलर पडले, ते रेफरेंडम पार्टी या नव्या पक्षाचे उमेदवार सर जेम्स गोल्डस्मिथ यांनी मतं खाल्ली म्हणून. हे खरं नाही.

असं का वाटतं, ते कळतं. निकालाच्या रात्रीचं दृश्यच तसं आहे. मेलर व्यासपीठावर बोलताहेत आणि मागे उभे असलेले गोल्डस्मिथ टाळ्या वाजवत 'आउट, आउट' म्हणून ओरडताहेत. पाहणाऱ्याला वाटणारच, यांनीच पाडलं.

पण आकडे बघा. मजूर पक्षाचे टोनी कोलमन २,९७६ मतांनी जिंकले. गोल्डस्मिथना मिळाली १,५१८. ती सगळीच्या सगळी मेलरना पडली असती, तरी ते हरलेच असते! गोल्डस्मिथ यांची तर अनामतही जप्त झाली.

त्यांचा रेफरेंडम पार्टी हा पक्ष युरोपीय संघाबाबत सार्वमत घ्या, एवढ्या एकाच मागणीवर उभा होता. देशभरात त्याला आठ लाखांवर मतं पडली, जागा एकही नाही. जुलै १९९७ मध्ये गोल्डस्मिथ कर्करोगाने गेले आणि निवडणूक लढवणारा पक्ष म्हणून तो तिथेच संपला.