शाळेत कॅल्क्युलस कशाला? जुन्या वादाची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात शाळेत बीजगणित-भूमिती कशासाठी, याचं उत्तर ठरलेलं होतं: बुद्धीला धार येते. तालमीत अंग कमवावं तसं गणितानं डोकं कमवायचं. १९०१ मध्ये थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या समजुतीलाच सुरुंग लावला. एका कामाचा सराव दुसऱ्या कामात फारसा उतरत नाही, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. (प्रयोग होते आकारांच्या क्षेत्रफळाचे अंदाज बांधण्याचे वगैरे, बीजगणिताचे नव्हेत. पण वादात एवढं कोण बघतो!)

जर्मनीत गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी वेगळीच बाजू मांडली. शाळेचं गणित आणि विद्यापीठाचं गणित यांत दरी आहे. ती बुजवायची तर फलनाची कल्पना, म्हणजे एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते ते नातं, शाळेतच मुरायला हवी. शालेय गणिताच्या १९०५ च्या मेरान आराखड्यात ती केंद्रस्थानी आली आणि वरच्या इयत्तांत कॅल्क्युलसची, म्हणजे क्षणाक्षणाला होणारा बदल मोजणाऱ्या गणिताची, वाट मोकळी झाली. फ्रान्सनं तर तो १९०२ मध्येच शाळेत आणला होता.

कॅल्क्युलस करतो काय, ते एका उदाहरणात बघा. वरून सोडलेला दगड, ढोबळमानानं, सेकंदांच्या वर्गाच्या पाचपट मीटर खाली येतो. मग बरोबर तिसऱ्या सेकंदाला त्याचा वेग किती? ३ ते ३.१ सेकंदांत सरासरी वेग सेकंदाला ३०.५ मीटर येतो, ३ ते ३.०१ मध्ये ३०.०५. आकडा ३० कडे सरकतोय हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. नुसतं ‘अंतर भागिले वेळ’ पाठ असलेला इथे अडतो, कारण त्या क्षणी दोन्ही शून्य.

अमेरिकेत मात्र उलटी गंगा. हायस्कूलमध्ये बीजगणित शिकणाऱ्यांचं प्रमाण १९१० च्या सुमारास निम्म्याहून जास्त होतं, ते १९५० च्या दशकात पाव हिश्श्यावर आलं. ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह उडाला आणि गणित एकदम संरक्षणाचा प्रश्न बनलं; पुढच्याच वर्षी कायदा करून शिक्षणात पैसा ओतला गेला. त्याच लाटेतला शालेय गणिताचा नवा अभ्यासक्रम, ‘न्यू मॅथ’, संचांच्या चिन्हांत गुरफटून बारगळला.

१९८२ मध्ये नागरी हक्क चळवळीतले बॉब मोझेस यांनी अल्जिब्रा प्रोजेक्ट सुरू केला. गरीब, कृष्णवर्णीय मुलांना बीजगणित न मिळणं हा त्यांच्या लेखी हक्काचाच प्रश्न होता. मग १९९९ मध्ये शिक्षण-संशोधक क्लिफर्ड अॅडलमन यांनी दाखवलं, की दुसऱ्या टप्प्यातल्या बीजगणिताच्या पुढचं गणित हायस्कूलमध्ये केलेल्या, कॉलेजात गेलेल्या मुलांची पदवी पूर्ण होण्याची शक्यता दुपटीहून जास्त असते. श्रेय गणिताचं, की मुळातच पुढे असलेली मुलं ते निवडतात म्हणून? नेमकी हीच शंका थॉर्नडाइकनं १९२४ मध्ये शाळेतल्या विषयांबद्दल काढली होती.