घोडदळाच्या अधिकाऱ्यांची कार्डे : नाव एकाचे, छबी दुसऱ्याची

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर लढलेल्या घोडदळ-अधिकाऱ्यांची एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रे आज संग्राहक चढाओढीने विकत घेतात. मुळात मात्र ही चित्रे आप्तेष्टांना आणि सोबत्यांना वाटण्यासाठी काढलेली असत, आणि कोणते चित्र कोणाचे व केव्हाचे, हे आजचे वाद त्या वाटपातूनच उगवले आहेत.

पॅरिसच्या दिस्देरी याने १८५४ मध्ये एकाच काचेवर अनेक छबी टिपण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि भेटकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले चित्र स्वस्त झाले. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या काळात अशी कार्डे अमेरिकेत घरोघरी पोहोचली. पुढे त्यांची जागा मोठ्या कॅबिनेट कार्डांनी घेतली. सरकारने १ सप्टेंबर १८६४ पासून १ ऑगस्ट १८६६ पर्यंत छायाचित्रांवर कर बसवला होता, त्यामुळे पाठीवर महसुली तिकीट असलेले कार्ड बहुधा याच दोन वर्षांतले ठरते. करवसुलीचा एवढा उपयोग इतिहासाला क्वचितच झाला असेल.

गणवेशावरूनही काळ ओळखता येतो, पण तिथे सावध राहावे लागते. घोडदळाचा प्रसिद्ध अधिकारी जॉर्ज कस्टर यादवी युद्धात मानद बढतीने (प्रत्यक्ष हुद्दा न बदलता, गौरव म्हणून दिलेल्या पदवीने) मेजर जनरल झाला होता, तर १८६६ मध्ये उभारलेल्या सातव्या घोडदळ रेजिमेंटमध्ये त्याचा प्रत्यक्ष हुद्दा लेफ्टनंट कर्नलचा होता. मानद हुद्द्याची चिन्हे गणवेशावर मिरवण्यास १८७० च्या कायद्याने बंदी आली. घोड्याच्या केसांचा तुरा असलेले शिरस्त्राण दिसले, तर चित्र १८७२ च्या नव्या गणवेशानंतरचे समजावे. घोडदळाच्या गणवेशावरचा ओळखीचा रंग पिवळा असूनही चित्रात तो काळपट दिसतो, कारण त्या वेळच्या कलोडियन काचा (ज्यांवर प्रकाशसंवेदी लेप देऊन चित्र टिपत) निळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या, पिवळ्याला जवळजवळ नव्हत्या. त्याच कारणाने निळे डोळे विलक्षण फिकट उमटत.

२५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीच्या काठी लाकोटा आणि शायेन या मूळनिवासी जमातींच्या योद्ध्यांनी कस्टरची तुकडी संपूर्ण कापून काढली. त्याचे दोन भाऊ, एक भाचा आणि मेहुणा कॅल्हून हेही त्यात पडले, आणि कौटुंबिक अल्बममधल्या साध्या कार्डांना एकाएकी स्मारकाचे मोल आले. कस्टरची पत्नी एलिझाबेथ १९३३ पर्यंत जगली आणि पुस्तके व व्याख्याने यांतून पतीची कीर्ती तिने जपली.

सर्वांत मोठा घोळ डाकोटातला आहे. तिथल्या फोर्ट अब्राहम लिंकन या लष्करी ठाण्यावर सातव्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांची चित्रे छायाचित्रकार ऑर्लँडो गॉफ याने काढली. दुसरा छायाचित्रकार डेव्हिड बॅरी गॉफच्या बिस्मार्क येथील स्टुडिओत आला तो कस्टरच्या मृत्यूनंतर. पुढे गॉफच्या मूळ चित्रांच्या काचा (निगेटिव्ह) बॅरीकडे आल्या आणि त्याने त्यांच्या प्रती स्वतःच्या नावाने अनेक वर्षे विकल्या. म्हणून कार्डावर बॅरीचे नाव आणि समोर जिवंत कस्टर, असा जोड दिसला की छपाई उत्तरकाळची मानावी, मग विक्रेता काहीही सांगो. याच बॅरीने कस्टरविरुद्ध लढलेल्या गॉल या लाकोटा नेत्याचीही चित्रे काढली. मारणारे आणि मरणारे एकाच दुकानात विकले जात होते.

बॅरीचा मोठा संग्रह आज डेन्व्हरच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. संशयास्पद कार्डाची बैठक, पडदा आणि खुर्ची तिथल्या चित्रांशी ताडून पाहता येते. पाठीवर पेन्सिलीने लिहिलेल्या नावापेक्षा ही खुर्ची अनेकदा अधिक विश्वासू साक्षीदार असते.